सोसायटीत अकरा मांजरं, नसबंदी कशी जमवावी?

जिन्याखालची_माऊ: नमस्कार मंडळी. डोंबिवलीतली आमची जुनी सोसायटी. दोन वर्षांपूर्वी जिन्याखाली एक भाटी व्यायली, आज मोजली तर अकरा! मी आणि तळमजल्यावरच्या आजी खायला घालतो. पण बाइकच्या सीटा फाटतायत, रात्री बोके गळा काढतात. मीटिंगमध्ये पोत्यात भरून मासळी बाजारात सोडायचं घाटतंय. मी पंधरा दिवस मागून घेतलेत. हात लावू देणारी दोनच आहेत. बाकीची कशी धरायची?

ठाणेकर_काकू: अगं, सोडून काही होत नाही. खाणं आणि आडोसा आहे तिथे शेजारच्या गल्लीतली येतातच. आधी भाट्या धर. चार-पाच महिन्यांची पोरसुद्धा माजावर येते, नऊ आठवड्यांत वेत, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण. पाजणारी असेल तर मात्र पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत थांब. बोके नंतर, त्यांचं रडणं आणि मुतून ठेवणं खच्चीकरणानंतर पुष्कळ कमी होतं.

बोकोबा: हातांनी धरायला जाऊ नका, मी रेबीजची इंजेक्शनं घेऊन बसलोय. प्राणिमित्र संस्थेकडून झडपेचा पिंजरा मागा. आठवडाभर खाणं ठरल्या वेळी, ठरल्या जागी. पिंजरा लावायच्या आदल्या रात्री उपास. मग आत, पार मागच्या टोकाला मूठभर सुकट. झडप पडली की मांजर जाळीवर डोकं आपटून घेतं; लगेच जुनी चादर टाका, मिनिटाभरात गप्प होतं. मग दवाखान्यात न्या; नसबंदीची भूल उतरायच्या आत डॉक्टरांकडून कानाचं टोक सरळ कापून घ्या, म्हणजे नसबंदी झालेलं कोणतं ते लांबून कळतं. बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो, भाटी दोन-तीन दिवस ठेवा. सोडायचं जिथून उचललं तिथेच.

स्पष्टवक्ता: खायला घालणं बंद करा, आपोआप जातील.

ठाणेकर_काकू: कुठे जातील भाऊ? कचऱ्याच्या डब्यात. पण अर्धं खरं आहे तुमचं: नसबंदी न करता नुसतं खायला घालणं म्हणजे गर्दी वाढवणं. ताटली अर्ध्या तासात उचलायची, आणि गाड्यांपासून लांब मांडायची. दूध नको, हगवण लागते. आणि माऊ, कमिटीला 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम दाखव. बेवारस जनावरांच्या खाण्याची सोय सोसायटीने करायची, असं त्यात लिहिलंय.

जिन्याखालची_माऊ: सगळ्यांचे आभार! बारा दिवसांत सात झाली. कमिटीने महिनाभर मुदत वाढवलीय आणि पंपाच्या खोलीमागची जागा दिलीय. आता अडचण वेगळीच. कान कापलेला पिवळा बोका सुकटीसाठी रोज स्वतःहून पिंजऱ्यात जाऊन बसतो, तीनदा सोडला! त्याच्यामुळे उरलेल्या दोन भाट्या जवळ फिरकत नाहीत. काय करू?

बोकोबा: त्याला आधी घरात कोंडून पोटभर जेवू घाला, मग पिंजरा लावा.