ऑपरेशन झालं, पण डोकं पूर्वीसारखं चालत नाही : तुमचे अनुभव लिहा

टाके निघाले, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि तरी आपलं माणूस पूर्वीचं राहिलं नाही असं कुणाच्या घरी झालंय का? विसरणं, लक्ष न लागणं, गप्पांत मागे पडणं, काहीही असो. "वय झालं" म्हणून विषय संपवतात त्याचा मला फार त्रास होतो. किती टिकलं, कशाने फरक पडला, सविस्तर लिहा.

---

बाबांची बायपास. हृदय ठणठणीत, जिने भराभर चढतात, पण बुद्धिबळ सोडलं. विचारलं की म्हणतात कंटाळा आला, खरं तर पुढच्या चाली डोक्यात धरून ठेवता येत नाहीत आणि ते त्यांना कळतं, त्याचंच वाईट वाटतं. पेपर उघडून बसतात, पान उलटत नाही. भेटायला येणारे म्हणतात तब्येत काय मस्त झालीय, आणि बाबा आणखीच गप्प होतात.

---

आईचा खुबा मोडला होता. ऑपरेशननंतर एका रात्री सलाईन ओढून काढलं, मला ओळखेना, छतावर माणसं दिसायला लागली, सकाळी शांत आणि अंधार पडला की परत तेच. सिस्टर म्हणाल्या चष्मा आणि कानाचं मशीन आधी लावा. घड्याळ समोर ठेवलं, दिवसा पडदे उघडे, रात्री उगाच उठवायचं नाही, घरचं कुणीतरी सतत जवळ. हळूहळू निवळलं.

---

मी भूलतज्ज्ञ आहे. वर आईंचं झालं ते डेलिरियम, म्हणजे अचानक उठणारा डोक्यातला गोंधळ, पहिल्या काही दिवसांतला, कमीजास्त होणारा. काही पेशंट आरडाओरडा न करता नुसते सुस्त पडून राहतात, ते डेलिरियम हमखास नजरेतून सुटतं. बाबांचं वेगळं, ते आठवडे-महिने राहू शकतं. 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात साठी ओलांडलेल्या, हृदयाची सोडून इतर मोठी ऑपरेशनं झालेल्या 1218 जणांपैकी आठवड्यानंतर सुमारे 26 टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे 10 टक्के लोकांत स्मरण, लक्ष यांत घसरण दिसली, म्हणजे बरेच जण सावरतात. सगळा दोष भुलीवर टाकू नका, ऑपरेशनमुळे शरीरात उठणारी सूज, इन्फेक्शन, झोपमोड, आधीचा विसराळूपणा हे सगळं त्यात येतं.

---

माझं स्वतःचं. पन्नाशीसुद्धा नाही, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि नंतर मीटिंगमध्ये वाक्य अर्ध्यात तुटायचं. न्यूरोलॉजिस्टनी आधी बी-बारा, थायरॉईड, झोप, डिप्रेशन सगळं तपासलं, झोपेची गोळी बंद केली. वर्षभरात बरीच सुधारणा आहे पण दोन कामं एकदम अजून जमत नाहीत, नोकरीत हुद्दा खाली घ्यावा लागला, ते लागतंच मनाला.

---

सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, आधीच थोडं विसरतात. करावं का?

---

भूलतज्ज्ञ परत : दुखतंय म्हणून घरात बसून राहणंही डोक्याला चांगलं नाही, त्यामुळे लगेच नको म्हणू नका. विसरतात हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, स्मरणशक्तीची चाचणी आधीच करून घ्या म्हणजे नंतर तुलना करता येईल. झोपेच्या गोळ्या आणि दारू असेल तर लपवू नका.