‘माणसाळलेला’ आणि ‘पाळीव’ यांत फरक कोणता?

प्रश्न : एका पाठाचे भाषांतर करताना मी ‘कुत्रा हा माणसाने सर्वांत आधी माणसाळवलेला प्राणी होय’ असे लिहिले. तपासणाऱ्यांनी ‘माणसाळवलेला’ खोडून तेथे ‘पाळीव केलेला’ असे घातले. अर्थात खरोखर फरक पडतो का?

उत्तर : पडतो. माणसाळणे ही एकेका जनावराच्या स्वभावात घडणारी गोष्ट आहे आणि ती त्या जनावराबरोबरच संपते. हत्ती आपल्याकडे हजारो वर्षे कामाला जुंपलेला असला, तरी परंपरेने बहुतेक हत्ती रानातून धरून आणलेले असत. बैलासारखी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास त्यांची झाली नाही. म्हणून हत्ती माणसाळतो, पण हत्तीची जात पाळीव झालेली नाही. उलट रेशीमकिड्याच्या पतंगाला आता उडताही येत नाही, इतका तो माणसावर विसंबला आहे. तरीही ‘माणसाळलेला रेशीमकिडा’ म्हटले, तर ऐकणारा हसेल. ‘पाळीव’मधला ‘-ईव’ हा ‘कोरीव’, ‘घडीव’ यांतलाच प्रत्यय आहे आणि माणसाच्या हातचा ठसा त्यात स्पष्ट दिसतो. १९५९ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी सायबेरियात रुपेरी खोकडांमधून माणसाला न बुजणारी तेवढी निवडून त्यांचीच पैदास सुरू केली, आणि काही पिढ्यांत माणूस पाहून शेपटी हलवणारी पिल्ले जन्माला येऊ लागली. हा बदल शिकवणुकीचा नव्हता, वाणाचा होता.

शंका : पण ‘पाळीव पोपट’ आपण सर्रास म्हणतो आणि तो तर अनेकदा रानातूनच पकडलेला असतो. रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्याला कोणी पाळीव म्हणत नाही, मात्र जातीने तो लांडग्यापासून केव्हाच वेगळा झालेला आहे.

उत्तर : शंका रास्त आहे. ‘पाळीव’ हा शब्द मालकीही सांगतो आणि वाणही, म्हणून शास्त्रीय लेखनात ‘पाळीव जात’ असे स्पष्ट लिहावे. वैदिक वाङ्मयात पशूंचे ‘ग्राम्य’ आणि ‘आरण्य’ असे दोन वर्ग आढळतात. ती जोडी या कामी सोयीची ठरली असती, परंतु आजच्या मराठीत ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य, त्यामुळे गाईला ग्राम्य म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पुरवणी : गुरे पाळल्याने माणसांचे एकमेकांशी असलेले व्यवहार किती बदलले, याच्या खुणाही शब्दांतच सापडतात. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्यावरून आपला ‘गोठा’ आला, आणि ‘गोष्ठी’ म्हणजे सभा किंवा संभाषण, त्यावरून ‘गोष्ट’. ‘गोत्र’ हा शब्दही ऋग्वेदात गाईंच्या कोंडवाड्यासाठी येतो आणि पुढे त्याला कुळाचा अर्थ मिळतो. कळप वारशाने मिळू लागला, की कोण कोणाचा, हे ठरवावे लागतेच. लॅटिनमध्ये ‘पेकुस’ म्हणजे गुरे आणि त्यावरूनच ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा. हा ‘पेकुस’ आपल्या ‘पशु’चाच सख्खा भाऊ.

मूळ वाक्याविषयी : ‘माणसाने सर्वांत आधी पाळीव केलेली जात कुत्र्याची’ असे लिहावे. ‘माणसाळवलेला’ हा शब्द त्याच पाठात हत्ती आला, तर त्याच्यासाठी राखून ठेवावा.