[मंडळ] पुन: सहल – हे ॲटनबरो म्हणजे ‘ते’ ॲटनबरोच का?

प्रेषक: माधवी

नमस्कार मंडळी,

सहलीचं ठिकाण ठरलं. ॲटनबरोची तळी, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनच्या पुढे. डबे आपापले, चहा मंडळाचा.

आता खरा मुद्दा. या नावावरून काल व्हॉट्सॲपवर जी जुंपली ती मुद्दाम इथे आणते आहे, कारण तिथे कोण काय बोललं ते तासाभरात वाहून जातं. निम्म्या लोकांचं म्हणणं, टीव्हीवर प्राणी दाखवणाऱ्या डेव्हिड ॲटनबरोंचं नाव या तळ्यांना दिलंय. बाकीच्यांचं म्हणणं, निव्वळ योगायोग. जोशीकाका, तुमचं अर्धं आयुष्य शेजारच्या चिलवेलला गेलं. तुम्हीच काय तो निकाल द्या.

माधवी

---

प्रेषक: जोशीकाका

चि. माधवी आणि समस्त मंडळी,

दोन्ही पक्ष हरले. तळ्यांना नाव गावाचं आहे, आणि त्या गृहस्थांचं आडनावही त्याच गावाचं. म्हणजे योगायोगही नाही.

तळी तर कालची पोरं. १९२९ पासून ट्रेंट नदीच्या काठाने खडी-वाळूचा उपसा सुरू झाला, खड्ड्यांत पाणी साठलं, पक्षी आले. १९६६ मध्ये तिथे राखीव क्षेत्र झालं आणि उद्घाटनाला डेव्हिड ॲटनबरोंना बोलावलं. बोलावणाऱ्यांना नावातली गंमत कळत होतीच. २००५ मध्ये पर्यटकांसाठी नवं केंद्र बांधलं तेव्हाही पाहुणे तेच. एवढं झाल्यावर पाटी वाचणाऱ्याचा गैरसमज होणारच.

गाव मात्र जुनं. सतराव्या शतकात राजाला हटवून इंग्लंडवर सत्ता गाजवणाऱ्या क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन १६११ मध्ये जन्मला तो इथेच, सेंट मेरीच्या चर्चला लागून असलेल्या घरात. नावातलं ‘बरो’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘बुर्ह’, तटबंदी घातलेली जागा. सुरुवातीचा तुकडा ॲडा किंवा तशाच नावाच्या कुणा माणसाचा मानतात.

आता आडनावाकडे येतो. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं ते ढोबळमानाने १२०० ते १४०० या काळात. कुणाला धंद्यावरून मिळालं, कुणाला बापाच्या नावावरून, कुणाला गावावरून. यात गावाची गोष्ट निराळी असते. गावात राहून गावाचं आडनाव पडत नाही. ॲटनबरोत सगळेच ॲटनबरोचे. तिथे ‘ॲटनबरोचा जॉन’ म्हटलं तर कुठला जॉन ते कुणाला कळणार? जॉन उठून पलीकडच्या गावी राहायला गेला, की तिथले लोक त्याला तसं म्हणणार. म्हणून अशा आडनावाचा माग काढायचा तर गावात शोधून उपयोग नाही, गावाच्या भोवताली शोधायचं.

त्यासाठी सगळ्यात सोयीची १८८१ ची खानेसुमारी. ती अख्खी, माणूस-न्-माणूस, कुटुंबेतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढली आहे, त्यामुळे कुठलंही आडनाव नकाशावर मांडता येतं. स्मिथ मांडलात तर सगळा देश काळा होतो. ॲटनबरो मांडलात तर नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर यांच्या शिवेवर एक गडद डाग दिसतो, बाकी बराचसा नकाशा कोरा. ही शीव म्हणजे एरवॉश नदी, आणि ती ट्रेंटला मिळते ती आपल्या सहलीच्या तळ्यांपाशीच. १८८१ पर्यंत नॉटिंगहॅम-डर्बी रेल्वे सुरू होऊन चाळीस वर्षं उलटली होती, कापडाच्या नि लेसच्या गिरण्यांनी माणसं इकडची तिकडे केली होती. तरी डाग जागच्या जागी.

एक गृहस्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेन्री ब्रूम गप्पी. मूळचे निसर्गअभ्यासक, सॉलोमन बेटांवर हिंडलेले. १८९० मध्ये त्यांनी ब्रिटिश आडनावांच्या मूळ ठिकाणांवर ग्रंथ काढला, आणि त्यासाठी व्यापारी निर्देशिकांमधून नावं निवडली ती फक्त शेतकऱ्यांची. कारण काय, तर गावातला सगळ्यात कमी हलणारा माणूस शेतकरी. कुठली वनस्पती कुठे उगवते याची नोंद ठेवणारा माणूस आडनावांकडेही त्याच नजरेने बघत होता. मला ही युक्ती फार आवडते.

आणि डेव्हिडसाहेब? त्यांचा जन्म १९२६ चा, लंडनजवळच्या आयल्सवर्थचा. थोरले बंधू रिचर्ड १९२३ चे, केंब्रिजचे. दोघं वाढले लेस्टरला, कारण वडील फ्रेडरिक १९३२ पासून तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रमुख होते. म्हणजे मुलांकडे पाहिलं तर नॉटिंगहॅमशायरचा पत्ता नाही. पण वडील नॉटिंगहॅमशायरचे, आणि घराणं स्टेपलफर्डचं. ॲटनबरोहून चार-पाच किलोमीटर. इतक्या शतकांत घराणं सरकलं ते एवढंच. पुढे एका पिढीत जगभर झालं.

– जोशीकाका

---

प्रेषक: विवेक

काका, मजा आली. पण दोन ठिकाणी अडकलो.

एक. ‘ॲटनबरो’ची दुसरी फोड का नाही करायची? जुन्या इंग्रजी बोलीत ‘ॲट’ किंवा ‘ॲटन’ लावून आडनावं व्हायची: अमक्याजवळ राहणारा. आपल्याला स्वातंत्र्य देणारे पंतप्रधान ॲटली, त्यांचं आडनाव म्हणजे ‘कुरणाजवळचा’. ॲटवुड, रानाजवळचा. ॲटवेल, विहिरीजवळचा. त्या चालीने ‘ॲटन बरो’ म्हणजे गढीजवळचा. गढ्या काय, इंग्लंडभर होत्या. मग कुठल्याही गढीजवळचा कुणीही ॲटनबरो होईल, तुमच्या गावाचा संबंधच उरत नाही.

दोन. तुमच्या डागाला लंडनमध्ये एक ठिपका आहे आणि तो लहान नाही. व्हिक्टोरियन लंडनमध्ये ॲटनबरो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गहाणवटीचं दुकान यायचं. या नावाच्या मंडळींची शहरात ठिकठिकाणी दुकानं होती. घड्याळ ठेवा, पैसे न्या. फ्लीट स्ट्रीट आणि चॅन्सरी लेनच्या कोपऱ्यावरच्या त्यांच्या जुन्या इमारतीवरचा पुतळा आजही दिसतो. कधी गेलात तर मान वर करून बघा. गप्पीसाहेबांनी शेतकरीच का धरले ते इथे पटतं. गहाणवटवाले धरले असते तर ॲटनबरो हे अस्सल लंडनी आडनाव ठरलं असतं!

– विवेक

---

प्रेषक: शलाका

नमस्कार काका, विवेकदादा,

दादाच्या पहिल्या शंकेचं उत्तर कोशात बसून मिळणार नाही, रक्तात मिळेल. खरं तर थुंकीत.

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. वाय गुणसूत्रही तसंच जातं, फारसं न बदलता. म्हणजे एका आडनावाचे सगळे पुरुष एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतील तर त्यांचं वाय जवळपास सारखं यायला हवं. हे तपासलं कुठे, तर लेस्टर विद्यापीठात. १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएचे ठसे सापडले तेच विद्यापीठ, आणि फ्रेडरिक ॲटनबरो ज्या कॉलेजचे प्रमुख होते त्याचंच पुढचं रूप.

तिथले संशोधक टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आधी २००६ मध्ये एक सोपा प्रयोग केला. एकाच आडनावाचे पण एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोन पुरुष, अशा १५० जोड्या, दर जोडीचं आडनाव वेगळं. साधारण २४ टक्के जोड्यांमध्ये वाय एकाच पूर्वजाकडे बोट दाखवत होतं. आडनाव जितकं दुर्मीळ तितकी ही शक्यता वाढत जाते, जवळजवळ निम्म्यापर्यंत. मग २००९ मध्ये मोठा अभ्यास आला: ४० आडनावं, १,६७८ पुरुष. स्मिथ मंडळींमध्ये एकमेकांशी नातं रस्त्यावरच्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांइतकंच निघालं. साहजिक आहे, स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होते. आणि ॲटनबरो? त्यांच्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त पुरुषांचं वाय एकाच प्रकारचं, किंवा त्याच्या अगदी जवळचं.

विवेकदादा, गढीजवळचे ॲटनबरो इंग्लंडभर वेगवेगळे उपजले असते तर वायचे दहा प्रकार दिसले असते आणि काकांच्या नकाशावर दहा डाग. दोन्ही ठिकाणी एकच दिसतो. मी काकांच्या गावाच्या बाजूने.

उरलेल्या मंडळींचं काय, हा प्रश्न चहाच्या वेळी हमखास येतो, म्हणून आत्ताच सांगते. दत्तक, आईचं आडनाव लावणं, बायकोच्या घराण्याची जमीन मिळाली म्हणून तिचं नाव घेणं, आणि हो, ज्याची सगळ्यांना उत्सुकता असते ते बाहेरख्यालीचं प्रकरणही. पण याच अभ्यासातून त्याचं प्रमाण निघालं ते पिढीमागे पंचवीसात एकाहून कमी. गावगप्पांच्या हिशेबाने फारच कमी.

– शलाका

---

प्रेषक: विवेक

शलाका, हरलो. म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वी एक इसम गाठोडं घेऊन ॲटनबरोतून निघाला आणि आजचे बहुतेक ॲटनबरो त्याचे नातू-पणतू, असंच ना?

– विवेक

---

प्रेषक: शलाका

दादा, इथे थोडं थांब. निघाले असतील चार जण. सहाही असतील. पण कुणाला मुलगाच झाला नाही, कुणाचं घर १३४८-४९ च्या प्लेगात बसलं, कुणाला तीन मुली. आडनाव तिथेच संपलं. ज्याच्या नशिबी मुलगे आले, आणि मुलग्यांनाही मुलगे, त्याचीच शाखा आज दिसते. लहान आडनावांत असं नुसत्या योगायोगाने होतं, त्या माणसात काही विशेष असावं लागत नाही. म्हणून ‘एकच निघाला’ असं डीएनए सांगत नाही, ‘मुख्यतः एकाचा वंश टिकला’ एवढंच सांगतो. दोन्हींत बराच फरक आहे.

आणि नकाशावर डाग एक म्हणजे गोष्ट साधीच असेल असंही नाही. याच गटाने २००७ मध्ये पूर्व यॉर्कशायरच्या एका दुर्मीळ आडनावाबद्दल लिहिलं. आडनाव छापलं नाही, नुसतं ‘आर’ अक्षर. त्या आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांचं वाय अशा शाखेचं निघालं जी जवळजवळ फक्त पश्चिम आफ्रिकेत सापडते. माणसं दिसायला चारचौघा यॉर्कशायरकरांसारखी, घरात आफ्रिकेची काही आठवण नाही. कागदपत्रांतून वंशावळ मागे नेली तर ती १७८० च्या दशकात यॉर्कशायरमध्येच पोचते. तो पूर्वज त्याच्याही आधी कधीतरी आला. गुलामांच्या व्यापाराच्या काळात असेल, किंवा रोमनांच्या वेळचाही असेल. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीवर तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मूर सैनिकांची तुकडी होती याची नोंद आहे. अठराव्या शतकापलीकडे कागद साथ देत नाहीत.

– शलाका

---

प्रेषक: माधवी

बाप रे. मी फक्त पाटीबद्दल विचारलं होतं.

रिचर्ड ॲटनबरोंचं नाव निघालंच आहे तर सहलीच्या प्रश्नमंजूषेत हा घेते: त्यांच्या ‘गांधी’ चित्रपटामुळे १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण? कोल्हापूरच्या भानू अथैया, वेशभूषेसाठी. (आता उत्तर फुटलं. जाऊ दे, दुसरा प्रश्न काढते.) कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी आणि गोखले डॉ. लागू, हे तर सगळ्यांना पाठ आहे.

पण काका, आपले ‘कर’ लावणारे सगळे याच जातीचे ना? गावावरून पडलेले. मग एका गावचे ‘कर’ एका रक्ताचे निघतील का?

माधवी

---

प्रेषक: जोशीकाका

चि. माधवी,

निघणार नाहीत, आणि कारण सोपं आहे. तिकडे गावाचं नाव टिकलं ते एखाद्-दुसऱ्या घराचं. आपल्याकडे एकाच गावातून कुलकर्णी निघाले, पाटील निघाले, सोनार, शिंपी, गुरव निघाले. पुण्या-मुंबईत पोचल्यावर सगळेच ‘अमुककर’. त्यांच्यात कधी सोयरीक नाही, पूर्वज एक असणं दूरच. शिवाय आपली कित्येक आडनावं कागदावर पक्की झाली ती इंग्रजी अमदानीत, शाळेत नाव घालताना किंवा नोकरीत लागताना. त्यांना सातशे वर्षं मिळालीच नाहीत, शलाका म्हणते तसे वंश गळून एक उरायला.

दीनानाथांचंच बघ. वडील मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारे. मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी गावावरून लावलं, तेही गोव्याबाहेर नाटकात नाव होत असताना. म्हणजे जॉनसारखंच, गाव सोडल्यावर. पण हे आडनाव त्यांच्यापासून सुरू होतं, आणि त्याच गावचे म्हणून दुसऱ्या कुणी ते लावलं असेल तर त्याच्याशी यांचं रक्ताचं नातं असायचं कारण नाही.

तेव्हा थुंकीच्या नळ्या कुणी सहलीला आणू नयेत. चर्चचं आवार मात्र बघायचं असेल तर जेवणाआधी चला. १ जुलै १९१८ ला चिलवेलच्या तोफगोळे भरायच्या कारखान्यात स्फोट झाला, १३४ माणसं गेली. बहुतेकांची ओळखही पटली नाही, त्यांना इथेच एकत्र पुरलं आहे. सध्या पाणी चढलंय, तळ्याकडून जाणारी वाट चिखलाची असेल. बूट घालून या.

– जोशीकाका