टिम डंकनचा खेळ कंटाळवाणा का वाटतो, आणि तरीही तो पाहायला का सांगतात?

संत्रानगरी

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची असून गेली दोन वर्षे ती नागपुरात बास्केटबॉल खेळते. उंचीमुळे तिला रिंगजवळच्या जागेवर खेळवतात. तिच्या सरांनी तिला सॅन अँटोनियो स्पर्स या अमेरिकन संघाच्या टिम डंकनचे सामने पाहायला सांगितले, म्हणून आम्ही दोघींनी बसून काही चित्रफिती पाहिल्या. खरे सांगायचे तर दहाव्या मिनिटाला तिने फोन हातात घेतला. हा माणूस रिंगला लोंबकळत नाही, बास्केट झाल्यावर छाती बडवत नाही, प्रतिस्पर्ध्याकडे रोखून पाहत नाही. डाव्या बाजूला उभा राहतो, चेंडू बोर्डावर मारतो आणि मान खाली घालून बचावासाठी परत धावतो. आकडे मात्र थक्क करणारे आहेत. १९९७ ते २०१६ अशी १९ वर्षे एकाच संघाकडून खेळून त्याने पाच अजिंक्यपदे मिळवली आणि २००२ व २००३ असा दोनदा तो एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माझे दोन प्रश्न आहेत. तो आधी जलतरणपटू होता आणि वादळात तलाव उद्ध्वस्त झाल्यामुळे बास्केटबॉलकडे वळला, ही गोष्ट जिथे तिथे वाचायला मिळते. ती कितपत खरी आणि कितपत सजवलेली? दुसरे म्हणजे, रिंगजवळ खेळणाऱ्या मुलीने त्याच्या खेळात नेमके काय पाहावे?

पाचवा खेळाडू

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. गोष्ट खरी आहे, पण ती सांगताना तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग बहुधा गाळला जातो. डंकनचा जन्म २५ एप्रिल १९७६ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतील सेंट क्रॉय बेटावर झाला. थोरली बहीण ट्रिशा १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि टिम ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याच मार्गावर होता. सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने बेटाची दाणादाण उडवली, त्यात तिथला ऑलिंपिक मापाचा एकमेव तलावही गेला. सरावाला समुद्र उरला, आणि समुद्रातल्या शार्कची त्याला धास्ती होती. इथवर सगळे सांगतात. पण त्याच काळात त्याची आई आयोनी स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होती, आणि २४ एप्रिल १९९० रोजी, म्हणजे टिमच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती गेली. शर्यतीच्या वेळी काठावरून सर्वांत मोठ्याने ओरडणारी तीच असे. नुसते वादळच झाले असते, तर पोरगा पुढेमागे पाण्यात परतला असता, असे मला वाटते.

चेंडू हातात आला तो त्यानंतर, म्हणजे नववीच्या सुमारास. सर्वांत थोरली बहीण शेरिल, तिचे यजमान महाविद्यालयात बास्केटबॉल खेळलेले होते, त्यांनी त्याला शिकवले. हा मुलगा पुढे जवळजवळ सात फूट उंच होईल याची कल्पना नसल्यामुळे त्यांनी त्याला बाहेरून खेळणाऱ्या गार्डचे काम शिकवले, आणि एवढ्या उंच माणसाच्या हाताला चेंडू इतका मऊ कसा बसतो, याचे अर्धे उत्तर मला तिथे सापडते. सोळाव्या वर्षी बेटावर आलेल्या एनबीए खेळाडूंविरुद्धच्या प्रदर्शनीय सामन्यात तो अलोंझो मोर्निंगसमोर डगमगला नाही, त्याची वार्ता वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्ह ओडम यांच्या कानी गेली आणि ते बेटावर येऊन थडकले.

पुढचा भाग आपल्या मुलीला आवर्जून सांगा. दोन वर्षे शिकून एनबीएत गेला असता तरी पहिल्या काही क्रमांकांत त्याची निवड नक्की होती; पण पदवी घेण्याचे वचन त्याने आईला दिले होते, म्हणून तो पूर्ण चार वर्षे थांबला आणि १९९७ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेऊनच बाहेर पडला. गंमत अशी की आत्मप्रौढी मिरवणाऱ्या माणसांविषयी इतरांना काय वाटते, या विषयावरच्या, एका पुस्तकातल्या प्रकरणाचा तो सहलेखक आहे. तो छाती का बडवत नाही, हे कोडे मग फारसे उरत नाही.

फळीमास्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मी मुलांना शिकवतो आणि हा शॉट शिकवताना दरवर्षी घसा कोरडा करून घेतो. आपण ज्याला ‘बोर्डावर मारतो’ म्हणता, तो फेका वाटतो तितका साधा नाही. मुलगी कॅरम खेळत असेल तर तिला लगेच कळेल: सोंगटी थेट खिशात जात नसेल, तेव्हा आपण समोरच्या फळीवरचा एक ठरावीक बिंदू धरतो आणि खिशाकडे पाहतच नाही. डंकनही रिंगकडे न पाहता बोर्डावर रंगवलेल्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहत असे. बाजूने साधारण ४५ अंशांत उभे राहिले की तो कोपरा ठळक दिसतो. मनगटाने चेंडूला मागच्या दिशेने फिरकी दिलेली असते, त्यामुळे बोर्डाला लागल्यावर तो उसळून बाहेर न येता खाली, जाळीच्या दिशेने ओढला जातो. समोरून उभे राहून हे जमत नाही, आणि अगदी बाजूला बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, गेले तर कोनच उरत नाही; म्हणूनच तो वारंवार त्याच डाव्या जागेवर दिसतो.

आता चित्रफीत पुन्हा लावा आणि चेंडू सोडून त्याचे पाय पाहा. चेंडू हाती येताच तो रिंगकडे तोंड करतो, चेंडू कपाळाच्या उंचीवर धरतो आणि उजवा पाय वीतभर पुढे टाकतो. बचाव करणारा त्या पावलाने अर्धा फूट मागे सरला की शॉट सुटलेला असतो. न सरला तर एक ड्रिबल मारून तो आत शिरतो. ते एक ड्रिबल सोडले तर चेंडू कधीच कमरेखाली येत नाही, कारण तिथे बुटक्या खेळाडूंचे हात पोहोचतात. आमच्याकडची उंच मुले रिबाउंड (चुकून परत आलेला चेंडू) घेतल्यावर सवयीने चेंडू पोटाशी आणतात आणि गमावतात, ते पाहून जीव तळमळतो.

शेवटचा बाक

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी भक्तिभावाला थोडा आवर घालावासा वाटतो. डंकनच्या कारकिर्दीत नशिबाचा वाटा मोठा होता. स्पर्सचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाल्यामुळे १९९६-९७ मध्ये स्पर्सने ८२ पैकी केवळ २० सामने जिंकले, आणि त्यांच्याहून वाईट कामगिरी केलेल्या बॉस्टनला डावलून, नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिला क्रमांक त्यांच्या वाट्याला आला. म्हणजे नवख्या खेळाडूला पहिल्याच दिवशी शेजारी रॉबिन्सन आणि बाकावर ग्रेग पॉपोविचसारखे प्रशिक्षक मिळाले; दुसऱ्याच मोसमात, १९९९ मध्ये, अजिंक्यपद आले. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेके, तर त्याची कायमची दुखरी नस होती: कारकिर्दीत शंभरांतले सत्तरही धड पडले नाहीत. २००५ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइटविरुद्धच्या पाचव्या सामन्यात शेवटच्या सत्रात त्याने ते ओळीने दवडले आणि त्याचा सहकारी रॉबर्ट होरीने अखेरच्या क्षणी तीन गुणांचा फेका टाकला नसता, तर त्या रात्रीचे खापर डंकनच्याच माथी फुटले असते.

आणि तो दगड होता असेही नाही. २००७ मध्ये बाकावर बसून हसल्याबद्दल पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले होते; लीगने दंड त्यालाही केला, पण पंचांना तर उरलेल्या मोसमासाठी निलंबित केले. मला मात्र तो सर्वांत जास्त आठवतो तो २०१३ मधला. अंतिम फेरीतल्या मायामीविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात मिनिटभराचाही खेळ उरला नव्हता, संघ दोन गुणांनी मागे होता, त्याच्यासमोर त्याच्याहून बुटका शेन बॅटिए होता, आणि असा हूक (एका हाताने डोक्यावरून वळवून टाकलेला फेका) ज्याने हजारो वेळा टाकला असेल त्याचा हूक चुकला. परत आलेला चेंडू टिपून मारला तोही चुकला. मागे धावता धावता त्याने वाकून दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. चित्रफितीत एवढे एक पाहिले तरी ‘भावनाशून्य’ हा शब्द कोणी पुन्हा वापरणार नाही.

पाचवा खेळाडू

शेवटचा बाक, नशिबाचे मान्य आहे. मात्र २०१३ चे सांगून थांबू नका. पुढच्याच वर्षी तोच संघ त्याच मायामीविरुद्ध उतरला आणि ४-१ असा जिंकला; तेव्हा डंकन ३८ वर्षांचा होता आणि पहिल्या अजिंक्यपदाला १५ वर्षे झाली होती. त्याआधी २०१२ मध्ये त्याने नव्या करारात आपले मानधन जवळजवळ निम्म्यावर आणले होते, म्हणूनच आजूबाजूचे चांगले खेळाडू टिकवणे संघाला परवडले. जुलै २०१६ मध्ये निवृत्त झाला तोही संघाच्या एका छोट्याशा पत्रकाने, निरोपाच्या दौऱ्याशिवाय. सोडतीत नशीब असेल, मानधनाच्या कागदावर सही करताना ते कुठे आले?

संत्रानगरी

सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही २००३ च्या अंतिम फेरीतला न्यू जर्सीविरुद्धचा सहावा सामना पूर्ण पाहिला. या वेळी फोन बाजूला होता, कारण मी तिला वही देऊन डंकनचे ब्लॉक, म्हणजे त्याने हवेत अडवलेले फेके, मोजायला बसवले होते. तिच्या वहीत नऊ भरले. अधिकृत नोंदीत मात्र २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट (बास्केट करणाऱ्याला दिलेले पास) आणि ८ ब्लॉक आहेत. आमचे काही चुकले का? एका फेक्याला त्याचे बोट लागले की नाही, यावरून घरात वाद झाला.

फळीमास्तर

तो वाद तुमच्या घरापुरता नाही. दोन ब्लॉक त्या रात्री नोंदायचे राहून गेले आणि त्यामुळे अंतिम फेरीतला पहिला चौपट दुहेरी आकडा, म्हणजे चारही नोंदी दहा किंवा त्याहून जास्त, हुकला, असे म्हणणारे प्रेक्षक आजही आहेत. अधिकृत आकडा आठच आहे. मुलीला म्हणावे, वही जपून ठेव, आणि पुढच्या वेळी ब्लॉक केलेला चेंडू मैदानाबाहेर किती वेळा गेला आणि स्पर्सच्या हातात किती वेळा पडला, तेही वेगवेगळे मोज.