पगाराचा आकडा एकमेकींना सांगा

ताई, 'एमबीए झालेल्या बायकाच एकमेकींना पुढे येऊ देत नाहीत' हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. आमच्या बॅचच्या सहाजणी नाशकातच आहोत. कुणी अंबडला, कुणी सातपूरला, एक बँकेत. महिन्यातून एकदा कॉलेज रोडला भेटतो आणि पगार उघड सांगतो. सुरुवातीला जीभ रेटत नव्हती. पण त्यातूनच कळलं की त्याच कामाचे मी वर्षाला दोन लाख कमी घेतेय. पुढच्या अप्रेझलला आकडा हातात घेऊनच बसले.

दुसरा मुद्दा बाळंतपणाच्या रजेचा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही द्यावं लागतं. आमच्यातल्या एकीला तिच्या ऑफिसात हे कुणी सांगितलंच नव्हतं! आमच्यातल्या एचआरवालीने रात्री बसून तिचा अर्ज लिहून दिला. (मुलाखतीत 'लग्नाचं काय?' विचारलं तर विषय कामाकडे कसा वळवायचा, हेही तिनेच शिकवलं.)

तुमचा अनुभव कडू आहे, तो मी नाकारत नाही. पुढच्या भेटीला याच. रजेनंतर घरीच राहिलेली तुमची ती मैत्रीण आहे ना, तिलाही आणा.