ब्रुजमधल्या हंसांची गोष्ट काय आहे?

प्रश्न: बेल्जियममधल्या ब्रुजला कालव्यांत इतके हंस कशासाठी पाळलेत? शिक्षा म्हणून पाळलेत असं ऐकलं, खरंय का?

प्रतिसाद १: दंतकथा आहे पण धागा खरा आहे. १४८८ मध्ये शहरातल्या लोकांनी तेव्हाचा तिथला राज्यकर्ता माक्सिमिलियन याला चौकातल्याच एका घरात कोंडून ठेवलं आणि त्याचा माणूस पीटर लांखाल्स याला मारलं, आता लांखाल्स म्हणजे लांब मान, त्यात त्याच्या कुलचिन्हावर हंस, मग गोष्ट अशी की सुटल्यावर माक्सिमिलियनने फर्मावलं, तुम्ही कायम लांब मानेचे पक्षी पाळायचे! मला ही गोष्ट फारच आवडते.

प्रतिसाद २: लांखाल्सची समाधी आवर लेडी चर्चमध्ये आहे, नक्की बघा. मायकेलअँजेलोची संगमरवरी मॅडोना, म्हणजे मेरी आणि बाळ येशूची मूर्ती, पण तिथेच, बाळ आईच्या गुडघ्यांमधून खाली उतरायला निघाल्यासारखं उभं आहे, तिने त्याचा हात हलकेच धरलाय, मी तर बघतच राहिले.

प्रतिसाद ३: बेलफ्री म्हणजे घंटेचा मनोरा, तोपण चढा, ८३ मीटर उंच, ३६६ पायऱ्या, वर जिना पार अरुंद होतो. बाकी शहर इतकं जुनं राहिलं कारण शहराला समुद्राशी जोडणारी झ्वीन खाडी गाळाने भरली, जहाजं बंद झाली, व्यापार अँटवर्पला गेला.

प्रश्नकर्ता: वा, खूप आभार! आधी समाधीच बघणार.