बटणावर ‘मागे’ लिहावं की ‘परत’?

वडगावचा माग:
काकांचे 4 माग आहेत. विणकरांची मजुरी ते वहीत मांडतात, म्हणून सुट्टीत त्यांना पायथनच्या टीकिंटरमध्ये (विंडो, बटणं बनवायचं साधन) छोटासा प्रोग्राम करून दिला. एकच विंडो, तिच्यात एकावर एक ठेवलेल्या 2 फ्रेम. जी हवी ती ‘टीकेरेज’नं वर आणायची. पहिलीत विणकराचं नाव, दुसरीत साड्या आणि दर, खाली ‘जमा करा’ आणि ‘मागे’ ही बटणं. काकांनी 12 साड्या भरल्या आणि ‘मागे’ दाबलं. मागे जाताना रकाने रिकामे करायचे असं मीच लिहून ठेवलेलं, त्यामुळे सगळं गेलं. विचारलं तर म्हणाले, “साडीमागं किती पडतंय ते दावतंय वाटलं की रे.”
बरोबरच आहे त्यांचं. ‘मागे’ काढून ‘परत’ लिहू का?

खानापुरी:
‘परत’ नको. आमच्यात ‘परत’ म्हणजे पुन्हा. काका त्याच 12 साड्या दुसऱ्यांदा घालतील. ‘माघारी’ लिही. आमची आजी गुरांनासुद्धा ‘माघारी फिर’ म्हणायची.

निपाणीकर:
‘माघारी’ वाचलं की पंचायतीचा अर्ज काढून घेतल्यासारखं वाटतं. आणि ही ‘विंडो’ कसली? खिडकी म्हणायला लाज वाटते का?

उद्यमबाग:
म्हणा की. मग फ्रेमला चौकट म्हणाल. आता सुताराला विचारा: आधी चौकट, मग त्या चौकटीत खिडकी. टीकिंटरमध्ये उलटं, विंडो आधी आणि फ्रेम तिच्या पोटात. खिडकीत चौकट बसवणारा सुतार मला तरी अजून भेटला नाही.
(जाता जाता: एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड या मांडणीच्या दोन पद्धती मिसळू नकोस, एरर खाशील.)

निपाणीकर:
महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले, तेव्हाही लोक हसलेच असतील. आज बेळगावात महापौर कुणाचा यावरून भांडतात, शब्दावरून कोण भांडतं?

खानापुरी:
महापौराला दाबून हिशेब होत नाही हो. बटणावरचा शब्द एका नजरेत कळला पाहिजे.

शहापूरची सून:
बटणालाच कुणी काही म्हणत नाही, गंमत आहे! माझ्या माहेरी, चंदगडला, शर्टाची ती गुंडी. गोव्याची आत्या बुतांव म्हणते, आणि खिडकीला जनेल. दोन्ही पोर्तुगिजांचे. शेजारच्या कानडी अक्का लिफ्टमध्ये पोराला ‘गुंडी ओत्तू’ सांगतात. त्यांच्यात रस्त्यातला खड्डाही गुंडीच. मला तर वाटतं आपली गुंडी तिकडूनच आली.

निपाणीकर:
काहीतरीच. गुंडा, गुंडाळी, गुंडी, सगळं गोल. घरचाच शब्द आहे. आणि बटणाला ‘कळ’ हा चांगला मराठी शब्द आहे.

शहापूरची सून:
‘कळ दाबा’? पोटातली की गुडघ्यातली? आणि गुंडू म्हणजे कानडीतही गोलच. उलट खिडकी तिकडे जाऊन किटकी झाली. देवाणघेवाण दोन्हीकडून होते, वहिवाट एकाच्या नावावर कशाला लावायची?

उद्यमबाग:
विंडो चालू ठेवणाऱ्या ‘मेनलूप’ला काय म्हणणार ते सांगा. पहिल्यांदा मी तो लिहायला विसरलो तर विंडो उघडली-मिटली इतकंच. मागवाल्यांना ‘धोटा फिरता ठेव’ (मागावर आडवा धागा नेणारा तो धोटा) म्हटलं तर लगेच कळेल.

निपाणीकर:
धोटा चांगलाय. हे मान्य.

वडगावचा माग:
धोट्याचं नंतर बघू. माझं बटण तसंच आहे. तेवढी एक ‘टेक्स्ट’ची ओळ बदलायचीय, आणि रकाने रिकामे करणारी ओळ मी काढलीच. काल काकांनाच विचारलं, काय लिहू? म्हणाले, “राहू दे लिही.”

खानापुरी:
भरलेलं राहू दे, की भरायचं राहू दे?